बोट उचलायचं

बत्तीस वर्षं भुसावळच्या यार्डात
चाकांवर हातोडी मारत हिंडलो.
ठण्ण वाजलं की पुढचं चाक,
ठप्प वाजलं की लाल बावटा.
नको तो आवाज ऐकण्याचाच
पगार होता मला.

आता हे युकुलेले. भाच्याने गोव्याहून आणलेलं,
मांडीवर मांजरासारखं मावतं.
चार तारा. तीन गुळगुळीत,
चौथीवर केसाएवढी तार गुंडाळलेली.
घोडीखाली बोराएवढं यंत्र चिकटवलंय,
त्यातून वायर, वायरीतून स्पीकर,
आणि स्पीकरमधून, गाणं सोडून, मी:
ग्रीसमध्ये मुरलेली माझी बोटं,
भेगा, घट्टे, सगळं मोठं होऊन.

स्पीकर नव्हता तेव्हा कळलंच नव्हतं.
डीवरून ईवर सरकलो की
मधेच एक चिरकी उठायची.
आतून द्वारका म्हणाली,
"काहो, डब्यात चिचुंद्री घुसली का?"

मग मी चिचुंद्रीच्या मागे लागलो.
ट्रेबलचा काटा आठवरून तीनवर आणला,
तर गाणंच गोधडीत शिरलं.
द्वारकाच्या डब्यातली पावडर लावली,
तर पट्टी पांढरी, लुंगी पांढरी,
आणि चिरकी जशीच्या तशी, फक्त सुगंधी.
तेल लावणार होतो.
"तेल नको काका, तार मरते," मेहमूदा म्हणाली.

मेहमूदा तडवी. यावलहून येते, गुरुवारी,
एसटी वेळेवर असली तर चारला.
वय चोवीस. मला रागवायला घाबरत नाही.
"केवढं दाबता!
केळं पिकलं का बघताना दाबतो ना,
तेवढंच.
आणि बोट फरफटत नेऊ नका.
उचला. मग ठेवा."

उचला, मग ठेवा.
हे मला येत होतं की.
मे महिन्यातल्या रात्रपाळीत
प्लॅटफॉर्मभर माणसं झोपलेली असायची,
कुणाचा हात, कुणाची वेणी, कुणाचं तान्हं,
आणि मी कंदील खाली धरून
त्यांच्यामधून टाच न टेकवता जायचो.
कोणी जागं झालं नाही कधी.

जुन्या पेटीतून शून्य नंबरचा पॉलिशपेपर काढला
आणि बोटांची टोकं घासत बसलो,
रोज थोडी, जेवणानंतर.
पांढरा भुगा पडायचा पेपरवर.
एवढी वर्षं अंगावर चढलेली नोकरी
फुंकर मारली की उडून जायची.

एका थंडीत, पहाटे तीनला,
एक चाक ठप्प वाजलं होतं.
मी गाडी अडवली. दोन तास.
खिडक्यांतून शिव्या आल्या,
साहेबाने पुन्हा मारून बघितलं, म्हणाला, ठण्णच आहे.
डबा तरी काढला, कुठे नेला, कोणी सांगितलं नाही.
अजून कधी कधी तो ठप्प
कानात वाजवून बघतो.
तेव्हाही खरा वाटतो, नाहीही वाटत.

गेल्या गुरुवारी
डीवरून ईवर गेलो.
बोट वर, हवेत, कशालाच न शिवता,
मग खाली.
मेहमूदाने मान हलवली नाही,
फक्त घड्याळाकडे बघायची थांबली.
मी हातोडी मारून झाल्यावर वाट बघायचो
तशी वाट बघितली, चिरकीची.
स्पीकरमध्ये नुसती वीज गुणगुणत होती.

द्वारका बाहेर आली, ओले हात पदराला पुसत.
"बंद केलं का?"
"वाजवतोय."
ती बंगईवर बसली, पायाने रेटा दिला.
कर्र. कर्र.
मेहमूदाला हसू आवरेना.
"मंग आता," द्वारका म्हणाली,
"या कड्यायलेबी शिकवा जरासं."

उठून तेलाची कुपी शोधली.
मेहमूदाची पाचची एसटी गेली तेव्हा
मी स्टुलावर उभा होतो,
आणि खालून द्वारका
कुठली कडी ते
कानाने सांगत होती.